टाय नाही, वसतिगृह नाही, मुलंमुली एकत्र: इंग्लंडमध्ये अशी खासगी शाळा खरंच असते का?

तुमचा प्रश्न असा: इंग्लंडमधली खासगी शाळा म्हटली की वसतिगृह, टाय, लॅटिन आणि नुसती मुलं-मुलं हेच डोळ्यांपुढे येतं. मुलंमुली एकत्र शिकतात, संध्याकाळी घरी येतात आणि सरकारशी देणंघेणं नाही, अशी शाळा तिथे असते का? असली तर आतून कशी असते?

असते. एक तर माझ्या नेहमीच्या बसच्या रस्त्यावरच आहे. लंडनमधल्या गोल्डर्स ग्रीन स्टेशनावर २१० नंबरची बस धरली की ती नॉर्थ एंड रोडच्या चढाने हॅम्पस्टेड हीथ ह्या मोठ्या मोकळ्या माळरानाकडे निघते. नर्तिका अ‍ॅना पाव्हलोव्हा याच रस्त्यावर राहायची. तिथेच झाडांच्या आड 'किंग आल्फ्रेड स्कूल' आहे. चार ते अठरा वयाची साडेसहाशेच्या आसपास मुलंमुली. माझी मुलगी तिथे शिकली नाही, ती जवळच्या सरकारी शाळेत गेली. पण शेजारणीचा मुलगा तिथे जातो आणि तिला कामावर उशीर होणार असला की त्याला आणायला मी जाते. तेव्हा हे थोडं शेजारधर्माचं ज्ञान आणि थोडं वाचनाचं.

आधी शब्दांचा घोळ मिटवते. इथलं 'पब्लिक स्कूल' म्हणजे ईटनसारखी जुनी, महागडी खासगी शाळा. सरकारी ती 'स्टेट स्कूल'. आणि सरकारी पैसा न घेणाऱ्या सगळ्या शाळांना मिळून 'इंडिपेंडंट' म्हणतात, म्हणजे स्वतंत्र. मला ह्या शब्दाची गंमत वाटते. स्वतंत्र, पण कोणापासून?

किंग आल्फ्रेडच्या बाबतीत उत्तर लांबलचक आहे. १८९८ साली हॅम्पस्टेडमधल्या काही आईबापांनी एकत्र येऊन ही शाळा काढली. कोणी पाद्री नाही, कोणी सरदार नाही, इस्टेट मागे ठेवून गेलेला शेठ नाही. आसपासच्या शाळांत मुलं घालायची त्यांची इच्छा नव्हती, म्हणून त्यांनी संस्था स्थापन केली आणि एलरडेल रोडवरच्या एका घरात वर्ग भरवले. मुलगे आणि मुली पहिल्यापासून एकाच वर्गात. कुठल्याही पंथाचं धर्मशिक्षण नाही. बक्षिसं नाहीत, पहिला-दुसरा नंबर नाही. नाव मात्र हजार वर्षांपूर्वीच्या राजाचं, कारण त्या आल्फ्रेडने लॅटिनमधली पुस्तकं लोकांच्या भाषेत, इंग्रजीत आणण्याचा ध्यास घेतला होता. आपल्याकडे ज्ञानेश्वरीचं कौतुक ज्या कारणासाठी होतं, तेच कारण.

'मुलंमुली एकत्र' हे आज वाचताना काहीच वाटत नाही, पण साल बघा. बेडेल्स नावाची दुसरी प्रसिद्ध पुरोगामी शाळा १८९३ मध्ये निघाली ती फक्त मुलांची; तिथे मुली आल्या १८९८ मध्येच. आणि आपल्या पुण्यात त्याच्या काही वर्षं आधी आगरकर 'सुधारका'तून लिहीत होते की स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्या आणि तेही एकत्र द्या. १८९५ साली, चाळिशी गाठायच्या आत ते गेले. तीन वर्षांनी हॅम्पस्टेडच्या एका घरात तेच सुरू झालं. दोघांचा एकमेकांशी संबंध होता असं अजिबात नाही. पण त्या शाळेच्या फाटकावरून जाताना मला आल्फ्रेड राजाच्या आधी आगरकरच आठवतात, त्याला इलाज नाही.

१९०१ पासून १९२० पर्यंत जॉन रसेल हेडमास्तर होते. स्पर्धेने मुलं बिघडतात असं मानणारा माणूस. त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीला ए. एस. नील नावाचा एक स्कॉटिश शिक्षक तिथे आला, तोच पुढे 'समरहिल' ही मुलांना पूर्ण मोकळीक देणारी प्रसिद्ध शाळा काढणारा. शाळा एवढी मोकळी, तरी नीलला ती पुरेशी मोकळी वाटेना. मुलांनीच शाळा चालवावी म्हणून त्याने जोर लावला, सभांचा गोंगाट वाढला आणि शेवटी त्याला जावं लागलं. १९२१ मध्ये त्याने स्वतःची शाळा सुरू केली. मला दोघांचंही पटतं. बंडखोरांनी काढलेल्या घरात त्यांच्याहून मोठा बंडखोर आला की वडीलधारी माणसं जशी गडबडतात, तसंच ते झालं असणार.

त्याच सुमारास शाळा हॅम्पस्टेडच्या घरातून गोल्डर्स ग्रीनच्या सध्याच्या जागेत आली. गोल्डर्स ग्रीनला भुयारी रेल्वे १९०७ मध्येच पोचली होती, आणि ये-जा करण्याच्या शाळेला हे लागतंच. वसतिगृहाची शाळा डोंगरावरही चालते. दिवसाच्या शाळेला स्टेशन हवं, बस हवी, आणि संध्याकाळी मुलाला 'आज काय झालं रे?' विचारायला घरात कोणीतरी हवं. ह्या शाळेचा कारभार आईबापांच्या संस्थेकडे असण्याचं मूळही मला त्यातच दिसतं. मूल तीन-तीन महिने डोळ्यांआड असलं की पालक फक्त फी भरतो. रोज घरी येणाऱ्या मुलाचा पालक नाक खुपसतो.

एकदाच ही चाल मोडली. १९३९ मध्ये युद्ध लागलं, लंडनवर बॉम्ब पडणार म्हणून शाळा उचलून हर्टफर्डशरमध्ये रॉयस्टनला नेली आणि युद्ध संपेपर्यंत तिथेच राहिली. रोज घरी जाण्यासाठी काढलेल्या शाळेतल्या कित्येक मुलांना मग शाळेतच राहावं लागलं.

आता आतलं. मधोमध मैदान, भोवती ठेंगण्या इमारती, मोठी झाडं. लंडनमध्ये आहोत की एखाद्या खेड्याच्या पटांगणात, असं पहिल्यांदा वाटतं. युनिफॉर्म नाही. शेजारणीचा मुलगा (दहा वर्षांचा आहे) बाहेर येतो तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल, जर्किन कमरेला बांधलेलं आणि एका बुटाची नाडी हरवलेली. एकदा फाटकाशी पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. ह्याने त्यांना नुसत्या नावाने हाक मारून 'बाय' केलं, त्यांनीही हसून हात हलवला. मला वाटलं ओळखीतल्या कोणीतरी असतील. बसमध्ये बसल्यावर कळलं, त्या गणिताच्या शिक्षिका! तिथे सगळे शिक्षकांना पहिल्या नावाने हाक मारतात.

मी साताऱ्याची. आमच्या बाई बाजारात दिसल्या तरी आम्ही भाजीची पिशवी मागे लपवून उभे राहायचो. त्यामुळे त्या दिवशी माझ्या पोटात उगाच कालवलं. लंडनच्या महाराष्ट्र मंडळात तीच पोरं दिसेल त्याला काका-मावशी म्हणतात, आणि इथे बाईंना नाव. मी त्याला विचारलं, "अरे, मग त्या रागावल्या की तू ऐकतोस का?" तो म्हणाला, "ऐकतो की. नाव माहीत असल्यावर जास्त ऐकावं लागतं." मी गप्प बसले.

परीक्षेपासून मात्र सुटका नाही. सोळाव्या वर्षी जीसीएसई, अठराव्या वर्षी ए-लेव्हल, इतरांसारखंच. सरकारी अभ्यासक्रम स्वतंत्र शाळांना कायद्याने बंधनकारक नाही, तपासणी मात्र त्यांचीही होते. म्हणजे रसेलच्या काळातला सगळाच मोकळेपणा उरलाय असं समजू नका. विद्यापीठं गुण मागतात, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या आईबापांपेक्षा आजचे आईबाप घाबरट आहेत. मी धरून.

आता कडू भाग. शाळा सरकारपासून स्वतंत्र, चर्चपासून स्वतंत्र, नंबरांपासून स्वतंत्र, पैशापासून नाही. फी वर्षाला वीस हजार पौंडांच्या वर जाते. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागतो. इंग्लंडमध्ये शंभरातली सहा-सात मुलंच खासगी शाळांत जातात, ह्यात नवल नाही. आमच्या घरी हिशेब मांडला तेव्हा कागद दुसऱ्यांदा वाचायचीही गरज पडली नाही. मुलामुलींनी एकत्र बसावं ही गोष्ट आज कोपऱ्यावरच्या फुकट सरकारी शाळेतही मिळते. चिखलात मनसोक्त लोळणं आणि बाईंना नावाने हाक मारणं, ह्याचे मात्र पैसे पडतात. मला विचाराल तर हेवा वाटतो तो चिखलाचा.

तुम्ही खरंच इथे बदलून येणार असाल, तर संकेतस्थळावरच्या फोटोंवर जाऊ नका. भेटीचा दिवस ठरवून या आणि मधल्या सुट्टीत मैदानावर उभे राहा. जुने बूट घाला. परतताना गोल्डर्स ग्रीनकडे न वळता २१० पुढच्याच दिशेने घ्या, ती हीथच्या कडेने हायगेटला जाते. सावरकर राहिले ते 'इंडिया हाउस' तिथलं, क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यूवर ६५ नंबरचं. रसेल हॅम्पस्टेडमध्ये बिननंबरांची शाळा चालवत होते त्याच वर्षांत हीथच्या ह्या बाजूला ते चालू होतं. बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर सोडू नका.