वाचकांचे प्रश्न : नावामागचा माणूस शोधताना

प्रश्न : आमची मुलगी अमेरिकेत दहावीत आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांच्या काउंटीत जमावाने एका कृष्णवर्णीय माणसाला ठार मारलं. त्याची माहिती काढून फलक लावायचं वर्गाने ठरवलंय. हाती फक्त नाव आणि तारीख आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : वर्तमानपत्रांपासून, पण त्या माणसाच्या नावाने शोधून नव्हे. अमेरिकी संसदेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ या ग्रंथालयाच्या ‘क्रॉनिक्लिंग अमेरिका’ संग्रहात जुने अंक मोफत वाचता येतात. मात्र तिथला शोध यंत्राने वाचलेल्या मजकुरावर चालतो. शाई पुसट असेल तर अक्षरं चुकतात, शिवाय तारेने आलेल्या बातम्यांत नावंही वेगवेगळी छापली जात. ‘काही सापडलं नाही’ म्हणून मुलं थांबतात ती इथेच. त्यापेक्षा आधीचा एक आणि नंतरचे दोन आठवडे पानन् पान चाळावेत, गावाचं आणि शेरीफचं (काउंटीच्या पोलिसप्रमुखाचं) नाव टाकून पाहावं. एकच तार दहा पत्रांनी छापली असेल तर तो पुरावा एकच धरायचा, दहा नव्हे.

गोऱ्यांची पत्रं आरोप सिद्ध झाल्यासारखाच छापत. मिनेसोटातल्या डुलुथमध्ये १५ जून १९२० रोजी इलायस क्लेटन, एल्मर जॅक्सन आणि आयझॅक मॅकगी या सर्कसच्या कामगारांना बलात्काराच्या आरोपावरून जमावाने फासावर लटकावलं. डॉक्टरांच्या तपासणीत बलात्काराचा पुरावा मिळालाच नव्हता. म्हणून ‘रिचमंड प्लॅनेट’, ‘शिकागो डिफेंडर’ अशी कृष्णवर्णीयांची पत्रंही शोधावीत. काउंटीच्या दप्तरात कॉरोनरचा (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचा) पंचनामा मिळाला तर तो बातमीशेजारी ठेवून वाचा. बातमीत जमावाचं भरदिवसाचं वर्णन असतं आणि पंचनाम्यात ‘अज्ञात व्यक्तींच्या हातून मृत्यू’ एवढंच.

खरा वेळ द्यावा तो जनगणनेला, कारण माणूस तिथे जगताना दिसतो : कुणाच्या घरात राहत होता, काय काम करत होता, लिहिता-वाचता येत होतं का. बहुतेक मुक्त गुलामांची नावं प्रथम १८७० च्या यादीत येतात. १८९० ची जवळजवळ सगळी कागदपत्रं १९२१ च्या आगीनंतर हातची गेली, त्यामुळे १८९५ ची घटना असेल तर १८८० वर जावं लागतं. १९०० आणि १९१० मध्ये आयांना किती मुलं झाली आणि किती हयात आहेत, हेही विचारलं होतं. त्या दोन रकान्यांतला फरक कधी कधी हेच त्याच्या आईचं घर, असं नक्की करायला उपयोगी पडतो. फक्त त्याच्यावरून निष्कर्ष काढू नये.

प्रश्न : फलकावर काय लिहावं? घटनास्थळाची माती स्मृती म्हणून बरणीत जपतात, ती कशी गोळा करतात?

उत्तर : त्याआधी वंशज शोधा. त्यांना फलक थेट अनावरणाच्या दिवशी दिसणं क्रूर आहे. अलाबामातल्या मॉन्टगोमेरीची ‘इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह’ ही संस्था स्थानिक गटांबरोबर माती गोळा करणं आणि फलक लावणं ही दोन्ही कामं करते. जमावाने मारलेल्यांच्या, २०१८ मध्ये खुल्या झालेल्या तिच्या स्मारकात ८०० हून अधिक पोलादी स्तंभ आहेत. तिच्याशी आधीच बोला आणि जमीनमालकाची लेखी परवानगी घ्या. ओली माती बंद बरणीत भरली की बुरशी धरते. कागदावर पसरून पूर्ण वाळवा, मग भरा.

मजकुरात ‘मृत्यू झाला’ नको, ‘जमावाने ठार मारलं’ असं लिहा. आरोपाचा उल्लेख अटळ असेल तर ‘खटला चालला नाही’ हे त्याच वाक्यात यावं. मृतदेहाचा फोटो कदापि नको. असे फोटो तेव्हा पोस्टकार्ड म्हणून विकले जात. देखभालीचा खर्चही आधीच ठरवा. मिसिसिपीत, १९५५ मध्ये वंशद्वेषातून मारल्या गेलेल्या एमेट टिल या मुलाच्या फलकावर वारंवार गोळ्या झाडल्या गेल्या, शेवटी २०१९ मध्ये ५०० पौंडांहून जड, गोळीरोधक फलक बसवावा लागला.

प्रश्न : आमच्या भाच्याच्या गटाकडे १९४७ ची घटना आहे. सरकारी तपासाचे कागद मिळतील का?

उत्तर : १९४० ते १९७९ मधल्या न उलगडलेल्या नागरी हक्क प्रकरणांचे कागद खुले करण्यासाठी २०१९ च्या जानेवारीत कायदा झाला. त्याचा मसुदा न्यू जर्सीतल्या हाइट्सटाउन हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनीच केला होता, कारण मागवलेले कागद त्यांना काळ्या पट्ट्या मारून मिळत होते. राष्ट्रीय अभिलेखागारात आधी मृताच्या नावाने आणि काउंटीने शोधा.