कॉलनी का उगवत नाही? सिंथेटिक बायोलॉजीच्या टीमचे प्रश्न

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये २००४ साली पाच टीम घेऊन सुरू झालेल्या आयजेम स्पर्धेत आता जगभरातून शेकडो टीम उतरतात. जनुकांचे तुकडे जोडून जिवाणूंकडून नवं काम करून घ्यायचं, हा तिचा गाभा. कोकणातल्या टीमच्या सदस्यांकडून आणि मार्गदर्शकांकडून आलेले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : ई. कोलाय जिवाणूच्या डीएच५-अल्फा या वाणाच्या पेशींत आम्ही क्लोरॅम्फेनिकॉल-रोधक प्लास्मिड घालतोय, म्हणजे या प्रतिजैविकापासून पेशीला वाचवणारं डीएनएचं छोटं वर्तुळ. पुन्हा पुन्हा करूनही प्लेट कोरीच राहते. प्लास्मिडच खराब आलं असेल का?
— विद्यार्थिनी, चिपळूण

प्लास्मिडवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. आधी कंट्रोल, म्हणजे पडताळणीच्या प्लेट, लावा. डीएनए न घातलेल्या पेशी साध्या, औषध नसलेल्या एलबी अगारवर (जिवाणूंच्या नेहमीच्या खाद्यावर) पसरा. तिथे दाट थर आला नाही, तर पेशी आधीच मेल्या आहेत. त्याच पेशी क्लोरॅम्फेनिकॉलच्या प्लेटवर पसरल्या, तर काहीही उगवता कामा नये, कारण प्लास्मिड नसलेली पेशी तिथे टिकत नाही. तिसरा कंट्रोल म्हणजे खात्रीचं प्लास्मिड, उदाहरणार्थ पीयूसी१९. पण ते अँपिसिलिन-रोधक आहे, त्याला अँपिसिलिनचीच प्लेट लागते. इथे गल्लत फार जणांची होते.

या तिसऱ्या प्लेटवरून पेशींची कार्यक्षमता, म्हणजे एक मायक्रोग्रॅम डीएनएमागे किती कॉलन्या येतात, ते काढता येतं. समजा ०.१ नॅनोग्रॅम प्लास्मिड घातलं, एकूण १ मिलिलिटर केलं आणि त्यातलं १०० मायक्रोलिटर पसरलं. म्हणजे प्लेटवर ०.०१ नॅनोग्रॅम गेलं. ५० कॉलन्या आल्या, तर मायक्रोग्रॅममागे ५० लाख. अखंड प्लास्मिडला एवढं भरपूर झालं. लायगेशन करून जोडलेल्या डीएनएला मात्र एक कोटीच्या खाली हाल होतात.

आता कृती. ५० मायक्रोलिटर पेशी बर्फातच वितळू द्या, मुठीत धरून नव्हे. डीएनए ५ मायक्रोलिटरच्या वर नको. ट्यूब बोटाने हलकेच टिचकवा, व्हॉर्टेक्सवर (जोरात ढवळणाऱ्या यंत्रावर) धरू नका. ३० मिनिटं बर्फात, ४५ सेकंद ४२ अंशांवर, परत २ मिनिटं बर्फात. मग ९५० मायक्रोलिटर एसओसी हे पोषक द्रावण घालून ३७ अंशांवर तासभर शेकरवर. हा तास क्लोरॅम्फेनिकॉलसाठी टाळता येत नाही. हे औषध प्रथिननिर्मितीच थांबवतं, आणि त्याला निष्प्रभ करणारं एन्झाइम पेशीला आधी बनवावं लागतं. अँपिसिलिनच्या बाबतीत घाई खपून जाते, म्हणून ती सवय इथे आणली की प्लेट कोरी.

ड्राय बाथच्या (ट्यूब तापवणाऱ्या यंत्राच्या) आकड्यावर विसंबू नका. खाचेत पाणी भरलेली ट्यूब ठेवून तिच्यात थर्मामीटर घाला. दोन-तीन अंशांचा फरक सर्रास निघतो. शेवटी औषधाचं प्रमाण : साठा इथेनॉलमध्ये मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम, आणि लिटरभर अगारला त्यातलं १ मिलिलिटर. हजारपट विरळ करायचं ते शंभरपट झालं, तर कॉलनी वाचणं कठीण.

प्रश्न : आमच्याकडे बर्फाचं यंत्र नाही. मिरकरवाड्याच्या जेटीवर मच्छीसाठी येतो तो बर्फ चालेल का? आणि वीज गेली की फ्रीझरमधल्या पेशींचं काय करायचं?
— मार्गदर्शक शिक्षक, रत्नागिरी

चालेल, अगदी बिनदिक्कत. बारीक फोडा आणि थोडं पाणी घालून लगदा करा, नुसत्या खड्यांत ट्यूबला सगळीकडून गारवा लागत नाही. मीठ घालू नका. मिठाने तापमान शून्याच्या खाली जातं, आणि गोठण्यापासून वाचवणारं ग्लिसरॉल नसलेल्या पेशी गोठून फुटतात. बर्फ निर्जंतुक नसतो, म्हणून झाकणं घट्ट आणि ट्यूब स्टँडमध्ये उभ्या.

पेशींसाठी उणे ८० अंशांचा फ्रीझर नसेल, तर साठवण्याचा नाद सोडा. उणे २० अंशांवर कॉम्पिटंट पेशी, म्हणजे बाहेरचा डीएनए आत घेऊ शकणाऱ्या पेशी, थोड्या दिवसांत निकामी होतात. त्यापेक्षा लागतील तेव्हा ताज्या करा. १०० मिलिलिटर वाढ ६०० नॅनोमीटरला ०.३५ ओडीपर्यंत (ओडी म्हणजे द्रावणाच्या गढूळपणाचं माप) येऊ द्या, १० मिनिटं बर्फात ठेवा आणि ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज करा. थंडगार ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये अर्धा तास ठेवून पुन्हा सेंट्रिफ्यूज, आणि त्याच द्रावणाच्या ४ मिलिलिटरमध्ये गाळ हळुवार कालवा. त्याच दिवशी वापरल्या तरी चालतात. पण बर्फात किंवा ४ अंशांवर १२ ते २४ तास मुरल्या तर कार्यक्षमता वाढते, त्यानंतर घसरते. संध्याकाळी करून दुसऱ्या दिवशी सकाळी वापरणं सगळ्यात सोयीचं.

डीएनएची काळजी करू नका. प्लास्मिड वीज गेल्याने मरत नाही. आयजेमच्या किटमध्येही ते वाळवूनच येतं. १० मायक्रोलिटर पाण्यात विरघळवायचं आणि त्यातलं एक-दोन वापरायचं, एवढंच. एन्झाइमं मात्र जपा. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर त्यांना घातक, कारण तो मधूनमधून स्वतःच गरम होतो.

प्रश्न : जून लागला की प्लेटवर बुरशीच बुरशी. औषध दुप्पट करून बघू का?
— विद्यार्थी, सावंतवाडी

काही उपयोग नाही. क्लोरॅम्फेनिकॉल किंवा अँपिसिलिन बुरशीला मारत नाही. सत्तर टक्के इथेनॉलने पुसल्यावरही सगळे बीजाणू मरतीलच असं नाही. ओटा आणि भिंतीचा खालचा भाग ०.५ टक्के हायपोक्लोराइटने पुसा, दहा मिनिटं ओला राहू द्या. अगार साधारण ५० अंशांपर्यंत निवल्यावरच ओता. फार गरम ओतलं की झाकणाला घाम फुटतो, थेंब खाली पडतात आणि कॉलन्या एकमेकींत मिसळतात. ओतल्यावर लॅमिनारमध्ये (गाळलेल्या हवेच्या कपाटात) झाकण किंचित सरकवून अर्धा तास वाळवा, मग उलट्या करून पिशवीत बंद. दरवेळी एक रिकामी प्लेट रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवा. तिच्यावर बुरशी आली तर दोष प्लेटचा किंवा इन्क्युबेटरचा, तुमच्या हाताचा नाही. बहुतेकदा इन्क्युबेटरमधला पाण्याचा ट्रे आणि एसीची जाळी हीच बुरशीची माहेरघरं निघतात.

प्रश्न : खाडीच्या पाण्यातला पारा ओळखून चमकणारा जिवाणू आम्हाला बनवायचा आहे. तो खाडीत सोडून दाखवला तर स्पर्धेत छाप पडेल ना?
— टीम सदस्य, अलिबाग

छाप पडेल, पण भलतीच! बदललेले जिवाणू प्रयोगशाळेबाहेर सोडायला आयजेमची सक्त मनाई आहे. आपल्याकडेही पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९चे नियम लागू आहेत. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीत नोंद हवी, आणि पर्यावरणात सोडायचं तर प्रकरण केंद्राच्या जीईएसी या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीपर्यंत जातं. तेव्हा पाणी प्रयोगशाळेत आणा, जिवाणू बाहेर नेऊ नका.

कल्पना मात्र चांगली आहे. मर-आर हे प्रथिन पारा चिकटला की पुढचं जनुक चालू करतं, तिथे जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक बसवायचं. पण तीन ठिकाणी फसाल. पहिलं, एलबीमध्ये चाचणी. तिच्यातली गंधकयुक्त अमिनो आम्लं पाऱ्याला धरून ठेवतात आणि पेशीला तो दिसतच नाही. एम९सारखं साधं माध्यम घ्या.

दुसरं, मीठ. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. क्लोराइड पाऱ्याशी जोडलं जातं आणि त्याच्या प्रमाणानुसार पाऱ्याची रूपं बदलतात, ती सगळी पेशीत सारखी शिरत नाहीत. खाडीत तर भरती-ओहोटीगणिक खारेपणा हलतो. म्हणून नमुना दहापट विरळ करा, आणि प्रमाणित वक्रही (किती पाऱ्याला किती चमक, याचा आलेख) तेवढ्याच खारट पाण्यात काढा. शून्यापासून १ मायक्रोमोलरपर्यंत सहा-सात पायऱ्या पुरेत. त्यापुढे वाढवत गेलात, तर पेशीच मरू लागतात, चमक उलट घटते आणि ‘पारा कमी आहे’ असा उफराटा निष्कर्ष निघतो. चमकेला नेहमी ओडीने भागा.

तिसरं, ऑक्सिजन. जीएफपीला चमकायला तो लागतो. खारफुटीखालच्या काळ्या चिखलाचा नमुना थेट बंद ट्यूबमध्ये टाकलात, तर पारा असूनही अंधार. पाऱ्याचा कचरा ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, वाफ होते. मोरीतही ओतू नका. वेगळ्या बाटलीत चिठ्ठी लावून साठवा आणि घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेला द्या.

प्रश्न : मार्गदर्शक म्हणून मी किती हात घालावा? मुलं अडली की मीच पिपेट उचलते.
— प्राध्यापिका, मालवण

मॅडम, अडचण पिपेट उचलण्याची नाही, ती कुठे नोंदवली जात नाही ही आहे. कुणी काय केलं, याचा तपशील आयजेमला प्रत्येक टीमकडून लागतो. तुम्ही केलेलं काम तिथे तुमच्या नावावर दाखवा, एवढं सरळ आहे. खरं काम वेगळंच : जैवसुरक्षेची कागदपत्रं, खरेदीच्या सह्या, आणि डिझाइन मागवण्याआधी एकदा स्वतः डोळ्यांखालून घालणं. जुन्या बायोब्रिक पद्धतीने जोडणार असाल, तर जनुकाच्या आत इकोआरआय, एक्सबीएआय, एसपीईआय, पीएसटीआय या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमांची एकही जागा नको. गोल्डन गेट या दुसऱ्या पद्धतीने जोडणार असाल तर बीएसएआयची जागा तपासा. सॉफ्टवेअर हे दोन मिनिटांत सांगतं. न तपासता मागवलं, तर चुकीचा तुकडा हाती येईतो निम्मा पावसाळा जातो. शनिवारी प्रत्येकाच्या प्रयोगवहीवर तारीख घालून सही करा. टीमची वेबसाइट गोठण्याच्या (म्हणजे तिच्यात बदल बंद होण्याच्या) आदल्या रात्री आठवून लिहिलेल्या नोंदी परीक्षकांना लगेच ओळखू येतात.