पाच महिन्यांच्या बाळाला वरचं अन्न सुरू करावं का?

घाई करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार पहिले 6 महिने आईचं दूधच पुरेसं असतं, वेगळं पाणीही लागत नाही. बाळ मान सावरतं का, आधाराने बसतं का, जिभेने घास बाहेर ढकलत नाही ना, हे पाहा. मग मऊ, दाटसर अन्न द्या, सुरुवातीला दोन-तीन चमचेच.

एक गोष्ट कळकळीने सांगते: वर्षाच्या आत मध बोटाला लावूनसुद्धा चाटवू नका. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो, आणि मध उकळला तरी ते बीजाणू मरत नाहीत.

अंडं किंवा शेंगदाण्याची पातळ पेस्ट उशिरा देऊन ॲलर्जी टळत नाही. बाळाला तीव्र इसब असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. अख्खे दाणे पाच वर्षांपर्यंत नकोच, घशात अडकतात.