लेकीचे नास्तिकपण कोणाच्या रक्तातून आले?

मेलबर्नहून आलेले एक पत्र गेले दहा दिवस माझ्या टेबलावर पडून आहे. लिहिणाऱ्या बाई मूळच्या नाशिकच्या, सासर पंचवटीतले आणि कुलदैवत वणीची सप्तशृंगी. पत्रात चार प्रश्न आहेत, पण त्यांतले तीन मी शेवटी दोन-दोन ओळींत उरकणार आहे, कारण पहिल्या प्रश्नाने माझ्या जुन्या दुखण्यावर बोट ठेवले आहे. त्या लिहितात, “एकोणीस वर्षांची मुलगी शिकायला कॅनबेराला गेली आणि पहिल्याच सुट्टीत घरी येऊन म्हणाली की मी नास्तिक आहे, यंदा घटाला माळ घालणार नाही. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, ‘आमच्या सात पिढ्यांत असं कुणी निघालं नाही, हे तुझ्या माहेरचं.’ माझे वडील देव मानत नसत, हे खरे आहे. श्रद्धेचा जीन असतो असे वाचले. तो तपासून घेता येतो का? थुंकीचा नमुना पाठवायचा संच आम्ही मागवला आहे.”

बाई, तो संच अजून उघडला नसेल तर उघडू नका. त्यातून तुमचे पूर्वज कोणत्या भागातले असावेत याचा काही अंदाज मिळेल, एखाद्या आजाराच्या शक्यतेबद्दल चार ओळी मिळतील, पण तुमची लेक घटाला माळ का घालत नाही, याचे उत्तर त्या नळीत नाही. ते उत्तर लेकीकडे आहे, आणि तुमच्या साडेतीन पानी पत्रात तिला तुम्ही ते विचारल्याचा कुठेही उल्लेख नाही.

ज्या ‘श्रद्धेच्या जीन’बद्दल तुम्ही वाचलेत, त्याची कथा अशी आहे. डीन हेमर या अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञाने २००४ साली ‘देवाचा जीन’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक काढले आणि व्हीमॅट-२ नावाच्या जीनचा संबंध आध्यात्मिक वृत्तीशी जोडला. हा जीन जे प्रथिन घडवतो, ते मेंदूच्या पेशींत डोपामिन, सेरोटोनिन यांसारखी रसायने बारीक पिशव्यांत भरून ठेवण्याचे काम करते. हेमर यांनी लोकांकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती. मात्र तिचा रोख देवावर नसून माणूस स्वतःला किती विसरू शकतो, भोवतालच्या सृष्टीशी एकरूप झाल्यासारखे त्याला किती वाटते, यावर होता. श्रावणात ब्रह्मगिरीवर ढगात उभ्या राहिलेल्या पक्क्या नास्तिकालाही तसे वाटते. शिवाय त्या जीनच्या भेदामुळे माणसामाणसांतल्या फरकाचा जेवढा भाग समजावता आला, तो एक टक्क्याहूनही कमी होता. तुमच्यापर्यंत पुस्तकाचे नाव तेवढे पोहोचले.

याचा अर्थ आनुवंशिकतेचा श्रद्धेशी काहीच संबंध नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बुशार्ड यांनी १९७९ पासून, जन्मानंतर वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास केला. एकसारख्या जुळ्यांचे जीन जवळपास सगळे सारखे असतात आणि वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांचे सरासरीने निम्मे. तेव्हा या दोन प्रकारच्या जोड्यांची तुलना केली, की एखाद्या गुणातल्या फरकात आनुवंशिकतेचा हात किती आणि घराचा किती, याचा अंदाज बांधता येतो. धार्मिक आवड आणि वृत्ती यांच्या बाबतीत १९९० साली त्या गटाला आनुवंशिकतेचा वाटा सुमारे निम्मा दिसला. पण तुमच्या कामाचा अभ्यास त्याच विद्यापीठातला, २००५ सालचा आहे. त्यात प्रौढ जुळ्या पुरुषांना त्यांची आताची धार्मिकता आणि लहानपणची धार्मिकता, अशा दोन्हींबद्दल विचारले होते. घरात वाढत असतानाच्या वयात फरकाचा १२ टक्के भाग आनुवंशिकतेचा निघाला आणि ५६ टक्के भाग एकत्र वाढल्याचा, म्हणजे घराचा; प्रौढपणी आनुवंशिकतेचा वाटा ४४ टक्क्यांवर चढला आणि घराचा १८ वर उतरला. आता आपल्या मुलीचे वय आणि तिने घर सोडल्याचा महिना शेजारी ठेवून पाहा. मूल आईबापांच्या छताखाली असते तोवर ते त्यांच्या रीतीने हात जोडते, आणि छत बदलले की त्याचा स्वतःचा पिंड बोलू लागतो. कॅनबेराला जाऊन तुमची मुलगी बिघडली नाही. एकोणिसाव्या वर्षी घराबाहेर पडलेली मुले जे करतात, तेच तिने केले आणि ते लपवले नाही.

हे आकडे घेऊन सासूबाईंशी भांडायला मात्र जाऊ नका, कारण ४४ टक्के म्हणजे एका माणसाची ४४ टक्के भक्ती जीनमधून आली असा त्याचा अर्थच नाही. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराला हे लवकर कळेल. एकाच जातीच्या काड्या दोन गावांत लावल्या, तर दोन्ही बागांच्या गोडीतला फरक सगळा मातीचा, पाण्याचा आणि छाटणी करणाऱ्या हाताचा. आणि एकाच वावरात, एकाच पाण्यावर चार जाती लावल्या, तर फरक सगळा जातीचा. वेल तीच, पण आनुवंशिकतेचा वाटा एकदा शून्य आणि एकदा शंभर. हा आकडा समूहातल्या फरकांबद्दल बोलतो, एकट्या वेलीबद्दल नाही.

आणि देव कोणता, धर्म कोणता, घट बसवायचा की नाही, हे तर रक्तात मुळीच येत नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचे लिंडन ईव्ह्ज हे आनुवंशशास्त्रज्ञ स्वतः ख्रिस्ती धर्मगुरू होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली जुळ्यांच्या आधारे मांडले, की माणूस कोणत्या पंथाचा होतो हे प्रामुख्याने संस्कृतीतून उतरते आणि धार्मिक वृत्ती व आचरण यांवर मात्र आनुवंशिकतेचा मध्यम प्रभाव असतो. आपल्या जिल्ह्याला हे सांगायला व्हर्जिनियाही लागू नये. २ मार्च १९३० रोजी तुमच्या सासरच्या पंचवटीतच काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ असे जाहीर केले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसांनी धर्म बदलला. त्या दिवशी कोणाचेही रक्त बदलले नव्हते. तुम्ही राहता त्या देशाच्या जनगणनेत ‘कोणताही धर्म नाही’ असे सांगणारे २०१६ साली सुमारे ३० टक्के होते आणि २०२१ साली सुमारे ३९ टक्के झाले. पाच वर्षांत जीन बदलत नाहीत, वारे बदलते, आणि तुमची लेक त्याच वाऱ्यात वाढली आहे.

‘रक्तातच आहे’ या शब्दांची मला चीड आहे, हे या सदराचे जुने वाचक जाणतात. नाशिकमध्ये राहणाऱ्यांना ते फारसे लागत नाहीत, कारण इथे रामकुंड आहे, शेजारच्या काकू आहेत, दारावरून जाणारी पालखी आहे. आपण परदेशात गेलो की पायाखालची माती सुटते आणि मग रक्त तेवढे हाताशी उरते. मीही तेच केले आहे. आम्ही इंग्लंडात लेस्टरला असताना माझा मुलगा सतरा वर्षांचा होता, त्याने आरतीला उभे राहायला नकार दिला, तेव्हा मी त्याला पणजोबांच्या वाऱ्या ऐकवल्या आणि शेवटी म्हणाले, “ते तुझ्या रक्तातच आहे, आज ना उद्या येईलच.” तो शांतपणे म्हणाला, “मग मी ठरवायचं काय उरलं?” त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते. आता तो चौतीस वर्षांचा आहे आणि देव अजूनही मानत नाही. नाशिकला आला की मला गाडीने वणीच्या गडावर नेतो आणि मी दर्शन घेऊन येईपर्यंत माझ्या चपलांपाशी पुस्तक वाचत बसतो.

माझ्या दोन जुळ्या मावश्या होत्या, इतक्या सारख्या, की आजोबा त्यांना शेवटपर्यंत पदराच्या रंगावरून ओळखत. एका जोडीवरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळते, तरी सांगते. एक त्र्यंबकला वारकरी घरात पडली आणि दुसरी नाशकातच एका सुधारकी मास्तरांच्या घरात. दोघीही पहाटे चारला उठत. त्र्यंबकची मावशी हरिपाठ म्हणे आणि पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेत पाहुण्यांच्या पंगतींवर पंगती उठवी. नाशिकची मावशी त्याच वेळी तांबडी पेन्सिल घेऊन वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढी, आणि तिच्या यजमानांनी देव मानणे सोडले त्याहून कडकपणे तिने सोडले. मला तर दोघींत एकच बाई दिसे. चिकाटी, पहाट, दुसऱ्याला सुधारण्याची खाज हे सगळे एकाच गर्भातून आलेले. त्यात विठ्ठल भरायचा की व्याकरण, हे त्या त्या सासराने ठरवले.

आता सासूबाईंच्या सात पिढ्या. त्र्यंबकेश्वरी किंवा रामकुंडावर आपल्या तीर्थोपाध्यायांकडे जाऊन वही उघडायला सांगा. तुमच्या घराण्यातले कोण कोणत्या साली आले, सोबत कोण होते, कोणाचे श्राद्ध केले, हे त्यात सापडेल. आलेल्या माणसाच्या मनात त्या वेळी काय होते, हे त्या वहीत लिहीत नाहीत. सात पिढ्यांत कोणी नास्तिक ‘निघाले’ नाही, कारण तसे बोलून दाखवण्याची सोय पहिल्यांदा तुमच्या लेकीला मिळाली. शिवाय ‘नास्तिक’ हा शब्द आपल्या परंपरेत मुळात वेदांचे प्रामाण्य न मानणाऱ्यासाठी होता; जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे सांख्य आणि मीमांसक हे आस्तिक दर्शनांतच मोजले जातात. सासूबाई वाचनाच्या भोक्त्या आहेत असे तुम्ही लिहिता, तर हे त्यांना आवडेल. आणि नातीला आजोळचे जेवढे मिळाले, साधारण तेवढेच त्यांच्याकडचेही मिळाले आहे. गणितातले गुण वडिलांकडून आणि नास्तिकपणा आईकडून, असा हिशेब निसर्ग ठेवत नाही.

थोडे रागावते, रुसू नका. तुम्ही लिहिता, “आम्ही एकही सण चुकवला नाही.” तुमच्याकडे शारदीय नवरात्र वसंतात येते, तरी तुम्ही घट बसवता, याचे मला मनापासून कौतुक आहे. पण पत्रात हॉलचे आरक्षण आहे, नऊ दिवसांच्या नऊ रंगांच्या साड्या आहेत, दोनशे माणसांचा महाप्रसाद आहे. तुम्ही स्वतः देवीकडे काय मागता आणि ते मिळाले नाही तेव्हा काय करता, हे कुठेच नाही. मुलीने घरात समारंभ पाहिला असेल, श्रद्धा पाहिली आहे का? तुमचे वडील देव मानत नसत, हे तुम्ही तिला कधी सांगितले? मला शंका आहे की ते तिला परवाच्या त्या कॉलवर आरोपाच्या रूपात कळले. आजोबांची गोष्ट तिला नीट सांगा, ते माणूस म्हणून कसे होते ते सांगा, आणि मग तिला काय पटत नाही ते मध्ये न बोलता ऐका. माळ तुम्ही घाला. झेंडूची फुले ओवायला ती बसली तर बसू द्या आणि त्याचा अर्थ काढू नका.

उरलेले प्रश्न. सासूबाई सहा महिने येणार आहेत, तर मुलीला “तेवढे दिवस गप्प राहा” असे सांगावे का? नाही, म्हातारी माणसे तुम्हाला वाटतात त्यापेक्षा धीट असतात. भाड्याच्या घरात ईशान्य कोपरा नाही, तर देव्हारा कुठे ठेवावा? जिथे धुराचा अलार्म डोक्यावर नाही तिथे, आणि धूप थोडा कमी. सासूबाईंच्या सामानात चिवडा, तुळशीची माळ आणि गडावरचा प्रसाद असेल, तर काय करावे? सोबत काय आणले ते जाहीर करण्यासाठी विमानात जे कार्ड मिळते, त्यावर ते सगळे न विसरता लिहायला सांगा. देवाचे आहे म्हणून लपवले, तर तिथले अधिकारी सोडत नाहीत आणि दंड तुमच्या यजमानांना भरावा लागेल.