घर विकायचं नसताना व्हॅल्युअर कशाला बोलवायचा?

तुम्ही विचारलंय की घर विकायचं नाही, एजंट फुकटात किंमत सांगतो, मग व्हॅल्युअरला, म्हणजे घराचं मूल्य अभ्यासून लेखी अहवाल देणाऱ्या तज्ज्ञाला, फी देऊन बोलवायची गरज काय? माझं म्हणणं, विकायचं नसतं तेव्हाच गरज जास्त. विकताना निदान गिऱ्हाईक येऊन तुमचा चुकीचा आकडा पाडतं. वाटणीत किंवा विम्यात तो पाडायला कोणी येत नाही, तसाच कागदावर बसतो.

बाबा गेल्यावर आमच्यात ठरलं की घर दादाने ठेवायचं आणि धाकट्या भावाला व मला वाट्याचे पैसे द्यायचे. इथपर्यंत दुमत नव्हतं. दादाच्या ओळखीच्या एजंटने उभ्या उभ्या एक आकडा सांगितला. मी जाहिराती बघून भलताच धरून बसले होते. जाहिरातीतली किंमत ही विकणाऱ्याची अपेक्षा असते, झालेला व्यवहार नव्हे, एवढंही तेव्हा डोक्यात आलं नाही. मी व्हॅल्युअर ठरवला आणि दादाला कळवलं. तो एवढंच म्हणाला, "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही तुझा."

व्हॅल्युअर बाईंनी मोजपट्टी काढायच्या आधी दोनच गोष्टी विचारल्या. मूल्यांकन कशासाठी हवंय? आणि कोणत्या तारखेचं? दुसऱ्या प्रश्नावर आम्ही तिघंही गप्प. बाबा गेले त्या दिवसाचं की आजचं? मधल्या तीन वर्षांत दादाने गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि सगळं वायरिंग स्वतःच्या पैशाने करून घेतलं होतं आणि त्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता. आजची किंमत सरसकट धरली असती, तर त्याच्याच खर्चाने वाढलेल्या किमतीतला हिस्सा त्याने आम्हाला दिला असता. बाईंनी मार्ग सांगितला: तारीख आजची, पण ही कामं झालेलीच नाहीत असं धरून मूल्य काढायचं. असं करता येतं, फक्त ते गृहीतक अहवालात स्पष्ट लिहावं लागतं.

मग मोजणी. बाबांच्या कागदावर 1,400 चौरस फूट होतं, भरलं 1,236. मागच्या दोन खोल्या मंजूर नकाशात नव्हत्या, त्यामुळे त्या बाकीच्या घराच्या बरोबरीने धरता येत नव्हत्या. लहानपण ज्या खोलीत गेलं तिच्यापुढे असा शेरा वाचताना मला वाईट वाटलं. बाईंनी आसपास अलीकडे खरोखर विकल्या गेलेल्या घरांच्या किमती घेतल्या, क्षेत्रफळ, वय आणि अवस्था यांतला फरक कमीजास्त केला. शिवाय जमिनीची किंमत अधिक बांधकामाचा आजचा खर्च, त्यातून घसारा (जुनेपणामुळे झालेली घट) वजा, असाही ताळा घेतला. एजंटचा आकडा अहवालापेक्षा 17 टक्के खाली निघाला, माझा 12 टक्के वर. चूक दोघांची होती.

दादा आजही म्हणतो, तू परकं माणूस घरात आणलंस. मी त्याला पुन्हा पुन्हा हेच सांगते की त्याच परक्या बाईंमुळे तुझा खर्च पहिल्यांदा कागदावर आला, आम्ही दोघं तो खाऊन बसलो असतो. विश्वास माणसावर ठेवायचा असतो. आकडा तपासायचा असतो. वाटणीतला आकडा न तपासता "तू म्हणशील ते" म्हणणारी भावंडं दहा वर्षांनी त्याच आकड्यावरून बोलायची बंद होतात, हे मी आमच्याच नात्यात पाहिलंय.

बाकी कारणं थोडक्यात. विम्यासाठी बाजारभाव उपयोगाचा नाही, पुन्हा बांधायचा खर्च लागतो. आग लागली तरी जमीन जळत नाही. घटस्फोटात आणि मालमत्ता कर जास्त लागल्याच्या अपिलात लेखी, कारणं दिलेला अहवाल लागतो, तोंडी आकड्याला कोणी विचारत नाही. मोठं नूतनीकरण करायच्या आधीही विचारून घ्या, कारण घातलेला प्रत्येक पैसा किमतीत परत येत नाही. आणि कर्जाच्या वेळी येणारा व्हॅल्युअर कर्ज देणाऱ्याचं काम करतो, तुमचं नाही.

हेही सांगायला हवं की अहवाल म्हणजे त्या तारखेचं एक अभ्यासू मत. दोन चांगल्या व्हॅल्युअरांचे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, आणि बाजार हलला की अहवाल जुना होतो. भिंतीतला दोष, पायाची मजबुती हे त्यांचं काम नाही, त्याला इंजिनिअर बघावा. फी किमतीच्या टक्क्यांवर मागणारा नको, ठरावीक रकमेवर काम करणारा घ्या. तुमच्या मनातला आकडा त्याला आधी सांगू नका.

तुमच्याकडेही वाटणीचा विषय असेल तर माणूस सगळ्यांनी मिळून निवडा आणि फी सारखी वाटून घ्या. मी एकटीने ठरवून मग दादाला कळवलं, ते माझं चुकलं. हे त्याला मी अजून तोंडाने सांगितलेलं नाही.