अमेरिकेच्या यादवी युद्धातील सैनिकांची पत्रे आणि रोजनिश्या कितपत विश्वासार्ह मानाव्यात?

आपण विचारले आहे की, घरच्यांना धीर देण्यासाठी लिहिलेल्या या पत्रांवर कितपत विसंबावे आणि वाचायची झाल्यास सुरुवात कुठून करावी. लढाई कशी झाली हे त्यांना विचारू नये, कारण बंदुकांच्या दाट धुरात रांगेत उभ्या असलेल्या शिपायाला आजूबाजूच्या माणसांपलीकडे फारसे काही दिसत नसे. पगार, बूट, आजार, उधारी आणि मागे राहिलेली शेती यांविषयी मात्र ती जे सांगतात, ते मी कोणत्याही सेनापतीच्या अहवालापेक्षा अधिक खात्रीचे मानते.

निवृत्तीनंतर काही काळ मी मुलीकडे पेनसिल्व्हेनियात राहत होते आणि तिथल्या एका स्थानिक इतिहास मंडळाच्या संग्रहातील पत्रे उतरवून देत होते. मोडी वाचण्याची सवय असल्यामुळे फिकट पडलेले, एकमेकांत अडकलेले अक्षर मला जड गेले नाही. माझ्याकडे आलेला गठ्ठा उत्तरेच्या, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेतील गुलामीच्या राज्यांविरुद्ध लढणाऱ्या केंद्र सरकारच्या, सैन्यातील एका शेतकरी शिपायाने बायकोला लिहिलेल्या पत्रांचा होता. गवत कापायला यंदा कोण येणार, गाय विकली तर किती आले, शेजाऱ्याने उसने नेलेले परत केले का, असे प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा येत. साध्या शिपायाला महिन्याला 13 डॉलर मिळत. तेही महिनोन्महिने थकत, म्हणून दुकानदाराकडे मुदत मागून घे, असे तो बायकोला लिहितो. हगवण आणि उवा यांविषयीही तो काही लपवत नाही. गठ्ठ्यातील शेवटचे पत्र त्याच्या हातचे नव्हते. तो विषमज्वराने गेल्याचे आणि त्याचे घड्याळ सांभाळून ठेवल्याचे त्याच्या तुकडीतील एका सोबत्याने कळवले होते.

पुढे मंडळाने प्रदर्शनासाठी या पत्रांतील उतारे निवडले, तेव्हा संपादन करणाऱ्या गृहस्थांनी देशप्रेमाची आणि विरहाची वाक्ये तेवढी ठेवून पैसे, पोट आणि उवा यांविषयीचा सारा मजकूर गाळून टाकला. मी हरकत घेतल्यावर, लोक वीर पाहायला येतात, असे मला सांगण्यात आले. ते मला तेव्हा पटले नाही आणि आजही पटत नाही. या युद्धातील मृतांचा परंपरेने दिला जाणारा आकडा सुमारे 6,20,000 आहे आणि त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश माणसे रोगाने गेली. हगवणीचे वाक्य गाळणारा संपादक ही माणसे कशाने मेली तेच गाळतो. पगाराची वाक्ये क्षुल्लक मानणाऱ्यांनी जेम्स हेन्री गुडिंग याचे 28 सप्टेंबर 1863 चे पत्र वाचावे. कृष्णवर्णीय सैनिकांच्या 54 व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीतील या माणसाने, आम्हाला 10 डॉलर आणि त्यातूनही कपड्यांचे 3 कापून का, असे थेट राष्ट्राध्यक्ष लिंकनला विचारले होते. सगळ्या पलटणीने तो अपुरा पगार घेण्याचे नाकारले होते. समान पगाराचा कायदा जून 1864 मध्ये झाला आणि पुढच्याच महिन्यात गुडिंग दक्षिणेच्या अँडरसनव्हिल येथील बंदिछावणीत मरण पावला.

उलट, सर्वांत जास्त उद्धृत होणारे पत्र उत्तरेच्या सैन्यातील एक अधिकारी सलिव्हन बलू याचे आहे. 14 जुलै 1861 रोजी पत्नी सेरा हिला लिहिलेल्या या पत्रानंतर आठवड्याने तो बुल रनच्या पहिल्या लढाईत प्राणांतिक जखमी झाला. पत्र सुंदर आहे. परंतु त्याच्या हातची मूळ प्रत सापडलेली नाही, उपलब्ध आहेत त्या नकला. प्रदर्शनवाल्यांना मात्र नेहमी हेच पत्र हवे असते.

सुरुवात व्हर्जिनिया विद्यापीठाच्या ‘व्हॅली ऑफ द शॅडो’ या संग्रहापासून करावी. दक्षिणेतील ऑगस्टा आणि उत्तरेतील फ्रँकलिन या दोन परगण्यांची पत्रे व रोजनिश्या तिथे विनामूल्य वाचता येतात. रोजनिशीच हवी असेल, तर गुलामीतून निसटून उत्तरेच्या नौदलात दाखल झालेल्या विल्यम गूल्ड याची वाचावी.

काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सैन्याकडून या पत्रांची नियमित तपासणी होत नसे (बंदिवानांची गोष्ट वेगळी), त्यामुळे त्यांत पुष्कळ मोकळेपणा आहे. तरी आईपासून जे लपवले ते शिपाई भावाला किंवा रोजनिशीला सांगत असे. उत्तरेच्या सैन्यात सुमारे 1,80,000 कृष्णवर्णीय सैनिक होते, पण गुलामीत अनेकांना अक्षर शिकण्याचीच बंदी असल्यामुळे त्यांच्या हातची पत्रे फारच थोडी आहेत. वीस-वीस वर्षांनी लिहिलेल्या आठवणींना तर रोजनिशी समजूच नये.

आणि छापील संग्रह घेताना गाळलेल्या जागा दाखवल्या आहेत का, ते आधी पाहावे. जिथे पैशांची गोष्ट निघताच टिंबे सुरू होतात, तो संग्रह बाजूला ठेवून मूळ पत्राची छायाप्रत मागावी. बहुतेक ग्रंथालये ती देतात. मी उतरवलेली पत्रे एकही वाक्य न गाळता त्या मंडळाच्या दफ्तरात वेगळी जमा केली आहेत.