वाचक विचारतात : हेडसेटच्या आतली गंमत

आभासी ऑनलाइन खेळात घडणाऱ्या हलक्याफुलक्या अद्भुतकथा लिहिणाऱ्यांची पत्रं या वेळी गठ्ठ्यानं आली, आणि त्यातली बहुतेक नाशिक शहर-जिल्ह्यातली. सगळी छापणं शक्य नाही. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : माझा नायक पॉलिटेक्निकला शिकतो. डोळ्यांवर चढवायचा आभासी खेळाचा हेडसेट घालून तो पंचवटीसारख्या एका जादुई नगरीत उतरतो. त्याच्याकडे सगळ्या शक्ती आहेत, राक्षस पटापट मरतात, पण वाचणाऱ्याला हसू येत नाही. काय चुकतंय?
— एक वाचक, म्हसरूळ

उत्तर : सगळ्या शक्ती दिल्यात, तिथेच चुकलं. या प्रकारच्या कथेत विनोद नियमातून निघतो. कथेला हात घालण्याआधी एका पानावर चार गोष्टी ठरवा : जीव किती (म्हणजे किती घाव सोसता येतात), जादूची ताकद किती आणि ती किती वेळात भरते, पुढच्या लेव्हलला किती गुण लागतात, मेल्यावर काय जातं. गुणांना साधं सूत्र पुरतं, लेव्हलचा वर्ग गुणिले 50. पहिलीवरून दुसरीवर जायला 50 गुण, दहावीवरून अकरावीवर जायला 5,000. घाटावरचा एक उंदीर मारला की 20 गुण, असं ठेवलंत तर दहाव्या लेव्हलच्या पोराला 250 उंदीर मारावे लागतील. उद्या सकाळी जर्नल सबमिट करायचंय आणि उंदीर 250. कथा इथून सुरू करा.

नियमातून कुणाचीच सुटका नको, खेळ बनवणाऱ्याचीही नको. 1997 साली ‘अल्टिमा ऑनलाइन’ या खेळाच्या चाचणीत निर्माता रिचर्ड गॅरियट ‘लॉर्ड ब्रिटिश’ या राजाच्या रूपात प्रजेला भेटायला आला. हा राजा मरू शकणार नाही अशी सोय होती. पण मध्येच सर्व्हर, म्हणजे खेळ चालवणारा मुख्य संगणक, कोसळला, पुन्हा सुरू झाल्यावर ती सोय चालू करायची राहिली, आणि गर्दीतल्या एकाने सोडलेल्या आगीच्या मंत्राने राजा सर्वांदेखत आडवा झाला. राजा सर्वशक्तिमान असता तर हा प्रसंग आज कुणाला आठवलाही नसता.

प्रश्न : मी हेडसेट कधीच लावलेला नाही. तांत्रिक तपशील किती द्यावा?
— इंदिरानगर

उत्तर : यंत्राचा कमी द्या, त्यापायी होणाऱ्या त्रासाचा जास्त. एवढं माहीत असलं की पुरे : पडद्यावरचं चित्र सेकंदाला साधारण 72 ते 120 वेळा नव्याने काढलं जातं, आणि मान वळल्यापासून चित्र वळेपर्यंतचा वेळ 20 मिलिसेकंदांच्या आत ठेवावा लागतो. उशीर झाला की पोटात ढवळतं. उशीर नसतानाही ढवळू शकतं, कारण डोळे म्हणतात ‘पळतोय’ आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणते ‘उभा आहे’. सप्तशृंगगडाच्या घाटात गाडी लागते ती याच भांडणामुळे, फक्त तिथे पक्ष उलटे असतात. म्हणून बरेच खेळ पळण्याऐवजी बोट दाखवाल तिथे थेट पोहोचवतात, किंवा पळताना नजरेच्या कडा काळ्या करतात. नायकाला पहिल्याच दिवशी दोन तास घोडा फेकायला लावू नका. पंधरा मिनिटांत त्याला लिंबू मागावं लागेल.

घरातले अडथळे हे तर फुकटचं भांडवल. खेळायला साधारण दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा लागते. तिची हद्द जमिनीवर आखतात, त्यामुळे डोक्यावरचा पंखा हद्दीत धरलाच जात नाही. तलवार उगारली की बोटं पंख्याच्या पात्यावर. कॅमेऱ्यांना अंधारात हात नीट सापडत नाहीत, मग ‘बाळ झोपलंय, दिवा बंद कर’ म्हटल्याबरोबर खेळातल्या वीराचे हात हवेत भरकटतात. पावसाळ्यात भिंगांवर वाफ धरते. भिंगं उन्हाकडे तोंड करून गॅलरीत ठेवली तर ऊन एकवटून आतला पडदा कायमचा डागाळतो. आईने ‘जरा ऊन दाखवलं’ एवढ्या एका वाक्यात एक प्रकरण संपतं. बॅटरी दोन-अडीच तास धरा.

वीज जाण्याचा प्रसंग बहुतेक जण चुकीचा लिहितात, सगळं जग एकदम काळं करून टाकतात. हेडसेट बॅटरीवर असतो, तो चालूच राहतो. बंद पडतो राऊटर. म्हणजे नायकाला जग दिसतंय, पण सोबती गोठलेत किंवा एकाच दिशेने घसरत चाललेत. आणि सोबत्यांना दिसतोय पुतळ्यासारखा उभा नायक, ज्याला राक्षस निवांत बडवतोय. सर्व्हर त्याला किती सेकंदांनी बाहेर काढतो हे ठरवा, 60 ठीक आहेत. घरात इन्व्हर्टर दाखवणार असाल तर राऊटर त्यावर जोडलाय का, तेही ठरवा. जोडला असला तरी वीज पालटताना तो कधी कधी बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि मिनिट-दोन मिनिटं खातो.

एक राहिलं. आजचे घरगुती हेडसेट चव देत नाहीत. खेळातल्या मिसळीची तर्री जिभेला लागणार असेल तर यंत्र पुढच्या काळातलं आहे हे पहिल्या पानावर सांगून मोकळे व्हा, मागाहून खुलासे नकोत.

प्रश्न : खेळात मेलं तरी माणूस खरा मरत नाही. मग वाचकाला धाकधूक कसली?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : हलक्या कथेत धाकधूक जिवाची नसते, अब्रूची असते. नाशिककरांच्या हाताशी तर तयार यंत्रणाच आहे. पेशवेकाळापासूनच्या रहाडी, म्हणजे जमिनीतले हौद, वर्षभर बुजवलेल्या असतात, रंगपंचमीला उघडतात, रंगाने भरतात आणि लोक त्यात धप्पा मारतात. तुमच्या खेळात मेलेला वीर रहाडीतून वर येतो आणि पुढची 30 मिनिटं रंगलेला राहतो, असा नियम करा. सामान जात नाही, गुण जात नाहीत. फक्त बाजारातून जाताना हा आत्ताच मेला हे सगळ्यांना कळतं. त्यात रहाडीगणिक रंग वेगळा ठेवा, म्हणजे कुणाच्या हातून मेला तेही कळेल. कोंबडीच्या हातून मरणाऱ्याचा रंग कोणता, हे मात्र सुरुवातीला सांगू नका.

प्रश्न : खेळातला बाजार दाखवायचा आहे. आमच्याकडे कांद्याचे लिलाव रोज पाहतो, पण खेळातला पैसा कसा चालतो ते उमजत नाही.
— लासलगाव

उत्तर : तुम्ही निम्मं काम करून बसला आहात. खेळातल्या पैशाला एक नळ असतो आणि एक मोरी. राक्षस मारला की मोहरा हवेतून जन्माला येतात, हा नळ. तलवारीची दुरुस्ती, गाळ्याचं भाडं, विक्रीवरची कपात यांत मोहरा कायमच्या नाहीशा होतात, ही मोरी. एका खेळाडूने दुसऱ्याला दिलेल्या मोहरा कुठेच जात नाहीत, त्या मोजायच्या नाहीत. समजा 2,000 खेळाडू रोज 100 मोहरा मिळवतात, म्हणजे दोन लाख आल्या. मोरीतून 60,000 गेल्या. रोज 1,40,000 मोहरा जास्तीच्या, महिन्याला 42 लाख. महिनाभराने नवशिक्याला साधी काठी परवडत नाही, आणि जुने खेळाडू पागोट्यात मोहरा कोंबून हिंडतात.

आता विनोद. यंत्राने चालवलेल्या दुकानदाराचे भाव बहुधा ठरलेले असतात आणि माल संपत नाही. त्याच्याकडे कांदा 2 मोहरांना, बेसन 1 मोहरेला. स्वयंपाकाचं कौशल्य असलेला खेळाडू त्याची भजी करतो आणि तोच दुकानदार ती प्लेट 5 मोहरांना घेतो. प्लेटमागे 2 सुटल्या. एका प्लेटला 3 सेकंद, तासाला 1,200 प्लेटा, म्हणजे 2,400 मोहरा. राक्षस मारून अख्ख्या दिवसात 100. तिसऱ्या दिवशी सगळे महारथी ढाली उलट्या करून त्यात भजी तळतात, आणि गुहेतला राक्षस वाट बघून कंटाळतो. ही चूक मुद्दाम घालण्यासारखी आहे, कारण ती खेळ बनवणाऱ्यांच्या हातून खरोखर होते : पाककृती एकजण लिहितो, दुकानाचे भाव दुसरा भरतो, आणि बेरीज कुणीच करत नाही.

दुरुस्तीचे मार्ग तीन. विक्रीची किंमत खर्चाच्या खाली आणणं, हा सोपा आणि कथेला निरुपयोगी. माल मर्यादित ठेवणं, रोज 200 कांदे, हा उत्तम : पहाटे रांग, नंबराच्या चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांचे दलाल, आणि रांगेत पुढे घुसण्यासाठी अदृश्य होण्याचा मंत्र. तिसरा मार्ग, आवक वाढली की भाव पाडणं. तो तुम्हाला आमच्यापेक्षा चांगला लिहिता येईल. लिलावात भाव क्विंटलवर बोलतात, मग खेळातले बोजे क्विंटलात मोजा, आणि वीराला 40 किलोच उचलता येतं असा नियम ठेवा.

प्रश्न : खेळातली दुर्मीळ नथ दर खेपेला मिळण्याची शक्यता शंभरात एक आहे. नायिका शंभराव्या खेपेला नथ मिळवते. बरोबर ना?
— गंगापूर रोड

उत्तर : मिळवू शकते, पण शंभरावी म्हणून मिळत नाही. प्रत्येक खेप नवी असते. शंभर खेपांत निदान एकदा मिळण्याची शक्यता सुमारे 63 टक्के येते, निम्मी शक्यता 69 खेपांत होते, आणि 300 खेपांनंतरही शंभरातल्या पाच जणी रिकाम्या हाताने परततात. तुमची नायिका त्या पाचांतली असावी. जावेला पहिल्याच खेपेला मिळावी.

प्रश्न : कथेच्या मध्यावर सगळ्या शहरात एकदम गोंधळ उडवायचा आहे. पटेल असं कारण सुचवा.
— सिडको

उत्तर : एका जागेपुरता केलेला नियम हद्दीबाहेर सांडला, हे सर्वांत पटणारं कारण. सप्टेंबर 2005 मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात हक्कार नावाच्या राक्षसाचा रोग त्याच्या देवळापुरता असायला हवा होता. खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर तो शहरांत पोहोचला. यंत्राने चालवलेली पात्रं मरत नव्हती, पण रोग पसरवत होती, आणि नवशिके खेळाडू पटापट गळत होते. शेवटी सर्व्हर पूर्ववत करावे लागले.

हाच सांगाडा घ्या आणि रोग हलका करा. झणझणीत मिसळीचा ठसका घ्या : दर 5 सेकंदांनी एक उचकी, उचकी लागली की मंत्र अर्धवट तुटतो, तीन पावलांच्या आतल्याला लागण. ठसका मूळ हॉटेलपुरता. मग कुणाचा तरी बोकड उष्टी वाटी चाटून रविवार कारंजावर येतो. उपाय दही ठेवा, आणि दही किती शिल्लक आहे ते आकड्यात सांगा.

प्रश्न : गोदाघाट, मारुती, लेणी हे खेळात आणलं तर कुणाच्या भावना दुखावणार नाहीत ना?
— पंचवटी

उत्तर : देवाला विनोदाचं पात्र करू नका, भक्तांच्या धांदलीला करा. आणि ठिकाण नुसतं मागच्या पडद्यावर रंगवू नका, त्याला काम द्या. गोदेला पूर आला की नाशिकमध्ये घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं यावर गप्पा होतात. तीच मोजपट्टी खेळात घ्या : पाणी पायाला लागलं की घाटावरची दुकानं हलतात, कमरेला आलं की नवशिक्यांचा इलाका बंद, छातीला आलं की पूल बंद आणि पलीकडे अडकलेल्यांना रात्र राक्षसांच्या वस्तीत काढावी लागते. मूर्तीची विटंबना नाही, आणि नाशिककराला एका ओळीत कळतं. पांडवलेणी घेतलीत तर लेणी 24 आहेत, 24 दरवाज्यांचं कोडं सहज बसेल. शिलालेखांतला मजकूर मात्र मनाने रचू नका.

प्रश्न : नायकाचा जीव, मोहरा वगैरे दाखवणाऱ्या आकड्यांच्या चौकटी कथेत किती द्याव्यात?
— देवळाली कॅम्प

उत्तर : हजार-बाराशे शब्दांत एक, चार ओळींची. बदललेले आकडेच द्या. शेजारी एक वही ठेवा, रकाने पाच : प्रसंग, जीव, मोहरा, सामान, वेळ. जीव 120, घाव 45 आणि उरले 85, हे या कथांचे वाचक लगेच पकडतात आणि मग बाकीचं वाचतच नाहीत.

प्रश्न : गटात मावशी आणि भाचा आहेत. मावशी जखमा भरते, भाचा लढतो. मावशीला लढाईत काही काम उरत नाही.
— सातपूर

उत्तर : उरतं, आणि तेच सर्वांत गमतीचं. बऱ्याच खेळांत राक्षस प्रत्येकाविषयीच्या रागाचा हिशेब ठेवतो आणि ज्याच्यावर राग जास्त त्याच्यावर धावतो. घावाचा राग पूर्ण मोजला जातो, जखम भरण्याचा साधारण निम्मा. भाच्याने 150 चा घाव घातला. मावशींना राहवलं नाही, त्यांनी एकदम 400 जीव भरला. निम्मे म्हणजे 200. राक्षस वळला मावशींकडे. ‘मावशी, जरा थांबून भरा हो!’ ‘अरे, किती लागलंय तुला!’ या दोन वाक्यांवर अख्खी लढाई उभी राहते. राग परत आपल्याकडे ओढायला भाच्याकडे ललकारीचं कौशल्य हवं, पण ते 20 सेकंदांतून एकदाच वापरता यावं. मधले 20 सेकंद मावशी पळतील. त्या कुठून कुठे पळतात याचा नकाशा आधी काढून ठेवा.